पार्श्वभूमी : बेळगाव भागातलं ध्वनिमुद्रण आणि ते करणारी माणसं

जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं नाव असतं, रागाचं किंवा नाटकाचं असतं, क्रमांक असतो, कंपनीचं चिन्ह असतं. गायकाला कुठे बसवायचं, तबला किती मागे सारायचा, कुठल्या सुरावर चीज संपवायची हे ज्याने ठरवलं त्याचं नाव नसतं. कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदावरही ते क्वचितच सापडतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आज एकच माणूस भजनी मंडळाचा कार्यक्रम बसवून घेतो, माईक लावतो, मिक्सिंग करतो आणि पेनड्राइव्ह भरून देतो. लोक त्याला ‘रेकॉर्डिंगवाला’ म्हणतात. खरं तर निर्माता आणि ध्वनिमुद्रक ही दोन वेगळी कामं. ती इथे एकाच्याच अंगावर का पडली, याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

भारतात ग्रामोफोन कंपनीसाठी पहिली मोठी मुद्रणं १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गायसबर्गने केली. तेव्हा माईक नव्हता. गायकाच्या तोंडासमोर कर्णा, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. मेण कोमट ठेवावं लागे, थंड झालं की सुई नीट कापत नसे. कापलेलं मेण वाजवून बघायची सोय नव्हती, कारण वाजवलं की खाचा बिघडत. म्हणजे मुद्रण बरं झालं की वाईट, हे मुद्रण चालू असतानाच कानाने ठरवावं लागे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथून छापून परत येत. त्या काळच्या गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते, ते परदेशात लेबल लावणाऱ्याला ओळख पटावी म्हणून. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा फेरा थांबला.

कर्ण्याला खर्ज फारसा कळत नसे आणि वरचं बारीक तेजही उतरत नसे. तंबोरा जवळजवळ नाहीसाच होई, डग्ग्याचा नुसता ठोका उरे. तार सप्तकात आवाज फुटू नये म्हणून गायकाला त्या क्षणी मागे ओढायचं आणि खाली आला की पुढे सारायचं, हे मुद्रण करणाऱ्याचं काम. आज फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर, बोटाने जे होतं, ते तेव्हा माणसाच्या खांद्याला धरून होत असे.

या सगळ्यात आपला भाग गाणारे पुरवत होता, यंत्र मात्र इथे नव्हतं. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पुढे नाट्यपदं हाच मराठी रेकॉर्डचा मोठा बाजार झाला. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा गाण्यासाठी हुबळी-धारवाडकडे सतत फेरा असे. त्यांच्या आवाजाची मुद्रणं कर्ण्याच्या काळातलीही आहेत आणि विजेच्या माईकवरचीही. दोन्ही लागोपाठ ऐकली तर माईकने काय आणलं ते व्याख्यान न देता समजतं. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, आणि लहानपणीच त्यांच्या तबकड्या निघाल्या. हुबळीच्या गंगूबाई हनगल सुरुवातीला ‘गांधारी’ या नावाने रेकॉर्डवर आल्या. ही सगळी मुद्रणं आपल्या मुलखाबाहेर झाली. गाणारा गाडीत बसून गेला, आवाज तबकडीत बसून परत आला.

१९२५ नंतर विजेवर चालणारा माईक आला आणि कामाची वाटणी झाली. एक माणूस काचेआड यंत्रापाशी, दुसरा गायकापाशी. कोणी गायचं, कुठली चीज, तीन मिनिटांत आलाप किती आणि द्रुत कुठे सुरू करायची, हे दुसऱ्याने बघायचं. मराठीत या कामाचं सगळ्यांत ठळक उदाहरण जी. एन. जोशींचं. वकिलीचं शिक्षण घेतलेले जोशी आधी स्वतः भावगीतगायक होते. १९३८ साली ते एचएमव्हीत गेले आणि काही दशकं मुंबईत मुद्रणाची बाजू सांभाळत राहिले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही लाँग प्ले त्यांच्याच निर्मितीतली. गाणारा माणूस निर्माता झाला की काय होतं ते इथे दिसतं: गायकाचा दम कुठे संपणार हे त्याला आधीच कळतं, आणि घड्याळ बघून हात वर करायचा तो नेमका समेच्या आधी. सिनेमात ही जागा यंत्राच्या बाजूने चढत गेलेल्या माणसांनीही घेतली. कोल्हापूरच्या आणि नंतर पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये विष्णुपंत दामले आधी ध्वनिमुद्रण बघत होते आणि १९३६च्या ‘संत तुकाराम’चे ते सहदिग्दर्शक झाले.

बेळगावच्या कानाला मात्र रोजचं ध्वनिमुद्रण दिलं ते आकाशवाणीने. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं, सांगली १९६३ साली. एकीकडून कानडी, दुसरीकडून मराठी, आणि बेळगाव मधोमध. या भागात तयार झालेल्या रेकॉर्डिंगवाल्याचा कान दोन्ही भाषांना सरावलेला असतो तो यामुळे. एकच मंडळ अर्ध्या तासात अभंगही म्हणतं आणि कानडी भक्तिगीत, दासरपदही, आणि दोन्हींतले जोडाक्षरांचे आघात वेगळे पडतात. केंद्रावर काम काटेकोरपणे वाटलेलं असे: कार्यक्रम बघणारा अधिकारी वेगळा, यंत्रावरचा अभियंता वेगळा. माईकचं अंतर, टेपचे डबे, क्यूशीट (काय कधी वाजवायचं याची यादी), वेळेची शिस्त हे सगळं तिथूनच बाहेर झिरपलं. एक वाईट सवयही तिथलीच: टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरायची. कितीतरी गाणं त्यात कायमचं गेलं.

आकाशवाणीबद्दल आणखी एक गोष्ट या भागाला लागते. १९४० पासून १९७१ पर्यंत तिथे हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे सूर बांधलेले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, हा आक्षेप. आणि बेळगाव तर पेटीवाल्यांचं गाव. विठ्ठलराव कोरगावकर आणि कागवाडचे रामभाऊ विजापुरे यांनी इथे पेटीची परंपराच उभी केली. ज्या बांधलेल्या सुरांवर आक्षेप होता, तेच जुन्या टेपा दुरुस्त करताना आज सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात. ते पुढे येईलच.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि यंत्र पहिल्यांदा आपल्या दारात आलं. स्टुडिओतली मोठी टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते, कॅसेटची फीत ४.७६. फीतही जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद. म्हणजे दर्जा उतरला, पण खर्च इतका खाली आला की भजनी मंडळ, गोंधळी, सौंदत्तीच्या यात्रेतली गाणी म्हणणारे, कीर्तनकार सगळ्यांना आपली कॅसेट काढणं जमू लागलं. दोन माणसांचा पगार निघण्याइतका धंदा मात्र नव्हता. माईक भाड्याने देणारा साउंडवाला किंवा रेडिओ दुरुस्त करणारा पुढे झाला, त्याला गाण्याचा कान होता, आणि काच व गायक या दोन्ही बाजू त्याच्याकडे गेल्या.

त्याची खोली बहुधा घरातली, दहा बाय दहाची. ही चौरस खोलीच पहिली चूक. दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असलं की सुमारे ५६ हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा सूर खोलीत घुमतो. लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्हीकडून तोच घुमारा. पखवाजाची धुम नेमकी त्याच्या आसपास पडते, आणि मग मिक्सिंगमध्ये खर्ज कितीही कापला तरी एक ठोका फुगलेला आणि पुढचा पोकळ येतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही. वरचा चमचमाट थोडा कमी होतो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा कापसाच्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या करणं आणि घोंगडी भिंतीपासून वीतभर सोडून टांगणं कितीतरी चांगलं. पखवाजवाल्याला बरोबर मध्यावर बसवू नये, एका भिंतीकडे साधारण एक तृतीयांश अंतरावर बसवावं.

भजनाचं मुद्रण बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. ते फार अवघड आहे, आणि त्याचं कारण टाळ. एक टाळकरी गायकाच्या दसपट तीव्र ठोका देतो आणि तो ठोका प्रत्येक माईकमध्ये शिरतो. माईक शक्यतो एकाच दिशेने ऐकणारा घ्यावा, आणि गायकाच्या माईकची पाठ टाळकऱ्यांकडे यावी. पुष्कळ जण माईकचं तोंड गायकाकडे करतात, पण टाळकऱ्यांना गायकाच्या मागेच बसवतात. मग माईक गायकाच्या डोक्यावरून सरळ टाळच ऐकतो. गायक वीतभर अंतरावर, माईक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फुत्कार आणि ‘स’, ‘च’ची सीळ कमी येते. पेटीला माईक दीड फुटावर, वरून. भात्याच्या बाजूने लावला तर सुरापेक्षा श्वासच जास्त येतो. दोन माईकांमधलं अंतर हे माईक आणि वाद्य यांतल्या अंतराच्या तिप्पट तरी असावं, नाहीतर एकच ठोका दोन वेळा पोचतो आणि आवाज पातळ पडतो.

टाळ नंतर वेगळे डब करावेत असं सुचतं, पण ते सहसा फसतं. भजनाची लय गजराकडे वाढत जाते, क्लिक (कानात वाजणारा ठराविक लयीचा टकटक आवाज) लावून ती बांधता येत नाही. टाळकरी कानाने नव्हे, पखवाजवाल्याच्या हाताकडे बघून वाजवत असतो. हेडफोन घालून एकटा बसवला की तो केसभर मागे राहतो, आणि दहा जणांचा तो केसभर उशीर गजरात चिखल करतो. शेजारच्या खोलीत, दार अर्धं उघडं, हात दिसेल असे टाळकरी बसवणं हा मार्ग टिकला आहे.

पखवाजाच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक वाळत जाते तसा तिचा सूर चढतो. आषाढीच्या आधी कॅसेट बाजारात हवी म्हणून मुद्रणं एप्रिल-मेमध्ये ठरत, आणि त्या उन्हात अर्ध्या तासात कणीक सुकते. पहिल्या आणि पाचव्या अभंगातली धुम जुळत नाही ती म्हणून. दर दोन अभंगांनी हात ओला करून कणीक पुन्हा मळावी. जूननंतर उलटा त्रास: चामडं सैल पडतं, आणि कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मुद्रण थांबवण्यावाचून इलाज नसतो. खानापूर तालुक्यात तर पावसाळ्यात दिवसा मुद्रण ठरवूच नये.

संगणक आल्यावर जुन्या हातांना एक धक्का बसला. फितीवर काटा लालपर्यंत गेला तरी फीत आवाज दाबून घेते, थोडी जाडी येते, कानाला बरंही वाटतं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नाही. टाळाचा एक ठोका वर गेला की तो कापला जातो आणि कडकडतो, नंतर तो दुरुस्त होत नाही. सुरुवातीच्या बऱ्याच सीडी अशाच फाटलेल्या आहेत. २४ बिटमध्ये मुद्रण करताना सर्वांत जोरदार गजर उणे १० ते १२ डेसिबलवर ठेवला तरी काही हरवत नाही.

कायद्याने मात्र या माणसाची अर्धीच दखल घेतली. १९५७चा कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याला मालक मानतो, आणि निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. माईक लावणाऱ्याला त्यात जागा नाही. मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं. मंडळाने वर्गणी काढून कॅसेट केली असेल तर पुढाकार मंडळाचा, पण कागद नसतो. मग ध्वनिफीत यूट्यूबवर चढली की गावात भांडण. एका पानावर दोघांच्या सह्या घेणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि ती मुद्रणाच्या दिवशीच व्हायला हवी.

आज या क्षेत्रातलं निकडीचं काम म्हणजे घराघरांतल्या कॅसेटी वाचवणं. आपल्याकडच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये कधीही घालू नये, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटवर जाते. आतला दाबपट्टीचा नमदा निखळला असेल तर फीत स्क्रूच्या नव्या डबीत बसवावी. सी-९० ची (नव्वद मिनिटांची) फीत सी-६० पेक्षा पातळ, लवकर ताणते. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळावी, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, आणि हेडशेजारचा छोटा स्क्रू फिरवत टाळांचा आवाज सगळ्यांत लख्ख येईल तिथे थांबावं. हे न करता केलेलं रूपांतर कायमचं मंद राहतं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवलं तर स्टिरिओला तासाला सुमारे २ जीबी लागतात. मूळ प्रतीवर खरखर काढायचा प्रयोग करू नये, तो नकलेवर करावा.

सूर तपासणं हे खरं कौशल्याचं. सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरने गावात केलेल्या मुद्रणात सेल उतरत गेले की फीत हळू फिरते, आणि नीट वेगात वाजवली की गाणं चढत जातं. पहिला अभंग काळी एकमध्ये, शेवटचा जवळपास पांढरी दोनमध्ये. गायकाचा आवाज सरकला की फीत, हे ऐकून ठरत नाही. पण पेटी सरकत नाही. पेटीचा षड्ज चढला असेल तर दोष फितीचा, आणि त्या षड्जाला धरून वेग टप्प्याटप्प्याने खाली आणता येतो. ७८च्या तबकड्यांनाही हेच लागू: जी मुळात ७४ फेऱ्यांवर कापली ती ७८ वर वाजवली की जवळजवळ एक पट्टी चढते. फक्त पेटी ४४० हर्ट्झला, म्हणजे आजच्या प्रमाण सुराला, लावलेली असेलच असं धरू नये. मंडळाकडे तीच पेटी अजून असेल तर तिची पट्टी दाबून, फाइलच्या सुरुवातीला मुद्रित करून ठेवावी.

आणि डबीत एक चिठ्ठी: तारीख, गाव, मंडळ, गायक, पखवाज, पेटी आणि तिची पट्टी, फितीचा प्रकार, डेक, रूपांतराची तारीख. शेवटच्या ओळीत, मूळ माईक ज्याने लावले त्याचं नाव. मंडळातल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याला विचारलं तर ते बहुतेक वेळा अजून मिळतं.