एक प्रकाश पकडतो, दुसरा वीज नेतो

मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचं काही दिसत नाही. त्यापलीकडच्या अवरक्त फोटॉनांत, म्हणजे प्रकाशाच्या कणांत, सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतकी ऊर्जाच नसते. तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे संवेदक लागतात. ते वेगळ्या स्फटिकावर वाढवून मग सिलिकॉन चिपला जोडायचे, त्यामुळे ते महाग पडतात.

बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ या संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली यावर जो तोडगा मांडला, तो मला नॅनोसंमिश्रांचा, म्हणजे अतिसूक्ष्म घटक एकत्र आणून बनवलेल्या पदार्थांचा, सर्वांत सुरेख नमुना वाटतो. ग्राफीनमधून विद्युतभार विलक्षण वेगाने धावतात, पण हा एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो. शिशाच्या सल्फाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे स्फटिककण, प्रकाश भरपूर शोषतात. वीज वाहून नेण्यात मात्र ते कच्चे. संशोधकांनी ग्राफीनवर या डॉटांचा पातळ थर दिला.

आता फोटॉन डॉटमध्ये शिरला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी धन भाराची पोकळी उरते. पोकळी खाली ग्राफीनमध्ये उतरते, इलेक्ट्रॉन वर डॉटमध्येच अडकून पडतो. तो तिथे आहे तोवर ग्राफीनमधला जादा धन भार टिकतो: एका टोकाने एक पोकळी बाहेर पडली की दुसऱ्या टोकाने नवी आत येते. एका फोटॉनमागे सुमारे दहा कोटी भार असे वाहतात! दोघांपैकी कुणा एकट्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही.

यातली खरी कारागिरी डॉटांच्या आवरणात आहे. द्रावणात ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती ओलेइक आम्लाच्या लांब साखळ्या असतात. पण याच साखळ्या विजेला आडव्या येतात. म्हणून थर दिल्यावर त्या काढून जागी आखूड रेणू बसवतात. कण जवळ येतात आणि भाराला वाट मिळते. कोणता रंग पकडायचा हे कणाच्या आकारावर ठरतं. कण मोठा केला की तो अधिक लांब तरंग टिपतो.

शिशाचं सल्फाइड आपल्याकडे नवं नाही. गॅलिना हे त्याचंच खनिज. जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये गॅलिनाच्या संवेदकाचं अमेरिकी पेटंट मिळालं, आणि तो संवेदक प्रकाशालाही प्रतिसाद देत असे.

२०१७ मध्ये आयसीएफओनेच अशा डॉट आणि ग्राफीनचा ३८८ × २८८ पिक्सेलांचा कॅमेरा थेट सिलिकॉन चिपवर बनवला. अतिनील किरणांपासून सुमारे २००० नॅनोमीटरपर्यंतचं त्याला दिसतं. अडचणी आहेतच. इलेक्ट्रॉन जितका जास्त वेळ अडकेल तितका संकेत मोठा, पण संवेदक तितकाच मंद. ही ओढाताण या रचनेत मुळातच आहे. शिवाय शिसं विषारी, त्यामुळे रोजच्या वापरातल्या उपकरणांत ते नको असतं. म्हणून आता सिल्व्हर टेल्युराइडसारख्या शिसेविरहित डॉटांवर काम चालू आहे.