कुजून जाणाऱ्या पिशवीचा न उसवणारा सांधा

प्लास्टिकच्या पिशवीचे तोंड उष्णतेने बंद केले की तिचे दोन पापुद्रे एकमेकांना चिकटले असे आपण म्हणतो; प्रत्यक्षात ते चिकटत नाहीत, तर सीमेवर वितळून एकमेकांत मिसळतात. पॉलिमरच्या लांबलचक रेणुसाखळ्या तापल्यावर सैल होतात, गवतातून साप सरपटावा तशा पलीकडच्या पापुद्र्यात शिरतात आणि थंड होताना तेथील साखळ्यांशी गुंतून पडतात. या सरपटण्याचे गणित पिएर-जील द जेन यांनी १९७१ मध्ये मांडले. त्यांना १९९१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सांध्याची ताकद या गुंत्यावर ठरते आणि गुंता होण्यासाठी तापमान, दाब व वेळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. वेळ तर बहुधा एका सेकंदाहूनही कमी मिळतो.

नेहमीच्या वेष्टनात हे काम सोपे असते, कारण तेथे बाहेरचा थर साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या पॉलिएस्टरचा आणि आतला थर ११० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या पॉलिथिनचा असतो. यंत्राचा तापलेला जबडा बाहेरून दाबला जातो, उष्णता आत झिरपते, आतला थर वितळतो आणि बाहेरच्याला काही होत नाही. जैवविघटनशील वेष्टनात मात्र प्रत्येक थर कुजणारा असावा लागतो आणि तेथे निवडीला फारसा वाव राहत नाही. पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, सुमारे १५० ते १८० अंशांना वितळते आणि पीबीएटी हे मऊ पॉलिमर ११० ते १२० अंशांना. दोन थरांमधले अंतर १४० अंशांवरून ५० अंशांच्या आसपास येते. फिल्म एकाच थराची असेल तर तेवढाही आधार नसतो. आतली बाजू वितळण्याची वाट पाहावी, तर तोवर बाहेरची बाजू जबड्याला चिकटते.

त्यातही पीएलएचा स्वभाव विशेष नाजूक आहे. त्याच्या अस्फटिकी भागातील, म्हणजे शिस्तीत न रचलेल्या भागातील, साखळ्या ६० अंशांच्या आसपासच सैल होऊ लागतात, त्यामुळे अस्फटिकी पीएलए वितळणबिंदूच्या बरेच खाली सांधता येते. परंतु मजबुतीसाठी ताणून तयार केलेली फिल्म पुन्हा तापवली, की ताणलेल्या साखळ्या आखडतात आणि सांध्याला सुरकुत्या पडतात. ती मधल्या तापमानाला फार वेळ राहिली तर साखळ्या शिस्तीत रचल्या जाऊन स्फटिक बनतात, आणि स्फटिकात अडकलेली साखळी पलीकडे जाऊ शकत नाही. पीएचबी या जिवाणूंनी तयार केलेल्या पॉलिमरची अडचण निराळी आहे: ते १७५ अंशांच्या आसपास वितळते आणि त्यापुढे थोडे तापवले, की साखळ्याच तुटू लागतात. सेलोफेन, म्हणजे सेल्युलोजची पारदर्शक फिल्म, तर वितळतच नाही, थेट करपते. म्हणूनच त्याला सांधण्यासाठी वितळणारा लेप द्यावा लागतो, आणि मग तो लेप कुजतो का, हा प्रश्न उभा राहतो.

एवढ्या अरुंद मर्यादेत बाहेरून उष्णता ढकलण्यापेक्षा ती सीमेवरच निर्माण करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) वेल्डिंगमध्ये हेच होते. हॉर्न म्हणजे कंपन पोहोचवणारा धातूचा ठोकळा सेकंदाला २० ते ४० हजार वेळा, काही दशक मायक्रॉनांनी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कंप पावतो. हॉर्न आणि खालची ऐरण यांच्यामध्ये दाबलेले दोन पापुद्रे एकमेकांवर घासतात आणि उष्णता मुख्यतः त्या सीमेवर उपजते. हॉर्न तापवलेला नसल्यामुळे कंपन थांबताच सांधा थंड होऊ लागतो, शिवाय मध्ये सांडलेली भुकटी किंवा थेंब कंपनाने बाजूला सारले जातात. पीएलएचा कडकपणा, जो एरवी दोष मानला जातो, तो येथे उपयोगी पडतो, कारण कडक पदार्थ कंपन पुढे पोहोचवतो. मऊ पीबीएटी ते वाटेतच शोषून घेते, म्हणून प्रत्येक मिश्रणासाठी यंत्राची मांडणी नव्याने ठरवावी लागते.

सांधा तपासताना सांधलेल्या भागाची १५ किंवा २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून तिची दोन टोके ओढतात. किती बल लागले याइतकेच ती कोठे तुटली हेही महत्त्वाचे असते. सांधा शाबूत राहून त्याच्या कडेलाच फिल्म फाटली, तर पुष्कळदा उष्णता अधिक झाल्यामुळे तेथे फिल्म पातळ किंवा ठिसूळ झालेली असते, आणि अशा सांध्याला मजबूत म्हणणे फसवे ठरते.

डिंकाऐवजी वेल्डिंग का, याचे उत्तर कुजण्यात आहे: वेल्डिंगमध्ये परका पदार्थ मिसळत नाही. पण त्यामुळे सांधा आपोआप निर्धोक होत नाही. ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार १२ आठवड्यांच्या कंपोस्टिंगनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ पदार्थाच्या १० टक्क्यांहून अधिक भाग उरता कामा नये, आणि ही परीक्षा ठरावीक जाडीपर्यंतच लागू असते. ४० मायक्रॉनची फिल्म सांध्यात ८० मायक्रॉनची होते. शिवाय सांधा अधिक तापून सावकाश थंड झाला असेल तर त्यात स्फटिकही वाढतात, आणि स्फटिकी भागात पाणी उशिरा शिरत असल्याने तो सावकाश कुजतो. म्हणून प्रमाणपत्रावरच्या जाडीशी तुलना करताना सुट्या फिल्मची नव्हे, तर सांध्याची जाडी धरावी.