विमानाची दोन दारं

विमानांच्या वाटेत येणारी सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली, 2025 मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुटू लागलं, आणि जन्मभर रेल्वेने फिरलेले अनेक सोलापूरकर पहिल्यांदाच विमानात बसले. त्यांचा एक प्रश्न हमखास असतो : कुणा माथेफिरूने हवेतच दार उघडलं तर?

मोठं जेट विमान साडेदहा किलोमीटर उंचीवर असताना बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पावपट असतो. आत तो पाऊणपट राखलेला असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोचा फरक. हा आकडा किरकोळ वाटतो, पण दीड चौरस मीटरच्या दारावर तोच भार सात टनांच्या पुढे जातो. दार असं बसवलेलं असतं, की आतली हवाच त्याला चौकटीवर दाबून धरते. आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर आठवा. वाफ आहे तोवर झाकण निघत नाही. पैलवान असला तरी हँडलशी झटून दमेल.

जमिनीजवळ मात्र हा पहारेकरी रजेवर असतो. मे 2023 मध्ये दक्षिण कोरियात देगूला उतरणाऱ्या विमानाचं दार एका प्रवाशाने जेमतेम दोनशे मीटरवर उघडलंच. सुदैवाने सगळे वाचले.

खरी डोकेदुखी आहे ती आतल्या, कॉकपिटच्या दाराची. 11 सप्टेंबर 2001 नंतर ते गोळीलाही दाद देणार नाही असं भक्कम झालं. पण या दाराच्या कुठल्याही एका बाजूचा दाब अचानक घसरला, तर हेच दार क्षणात मोकळं व्हायला हवं, नाहीतर दोन्हीकडच्या दाबातला फरक मधली भिंतच मोडेल. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत एका बोइंगच्या बाजूला, न वापरलेल्या दाराच्या जागी बसवलेला तुकडा हवेतच उडाला, तेव्हा कॉकपिटचं दार धाडकन उघडलं. रचनाच तशी होती. वैमानिकांना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं! हे मला दार उघडण्यापेक्षा जास्त गंभीर वाटतं.

आणि धोका आतच बसला असेल तर? मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर गेल्यावर दार आतून लावून घेतलं आणि विमान आल्प्सवर आदळवलं. 150 जण गेले. बाहेरून आणीबाणीचा कोड टाकता येतो, पण आतला माणूस एका बटणाने तो नाकारू शकतो. अपहरणकर्त्यासाठी ठेवलेली ही सोय त्या दिवशी कॅप्टनवरच उलटली. एक वैमानिक उठला की दुसऱ्यासोबत कर्मचारी आत थांबवायचा, हा नियम त्यानंतर बऱ्याच देशांनी केला. इथे भौतिकशास्त्र काही मदत करत नाही.

वैमानिक स्वच्छतागृहात जातो तेव्हा ते दार काही सेकंद उघडतंच. म्हणून हवाईसुंदरी कधीकधी खाण्याची ट्रॉली वाटेत आडवी लावते. अमेरिकेने 2023 मध्ये नव्या प्रवासी विमानांत तिथे कायमचा दुसरा अडसर सक्तीचा केला. सोलापूरहून गोव्याला जाणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात, आणि कॉकपिट व पहिली रांग यांच्यामध्ये सामानाचा कप्पा असतो.