सम पाहिलं म्हणजे डेझर्ट नॅशनल पार्क पाहिलं असं होत नाही

दिवाळीची सुटी संपली की जैसलमेरचे फोटो यायला लागतात आणि त्यांच्याबरोबर तोच जुना शेरा: "डेझर्ट नॅशनल पार्क केलं. वाळू सोडून काही नाही. प्राणी म्हणाल तर उंट." वर फोटो असतो सम या जैसलमेरजवळच्या गावातल्या वाळूच्या टेकडीवरचा. पागोटं बांधलेले काका, मागे मावळता सूर्य, बाजूला चार जीपगाड्या. काकांनी पार्क पाहिलेलंच नाही. त्यांनी डेझर्ट सफारी केली. गेटवेवर कबुतरांकडे बघून परत फिरायचं आणि घारापुरीची लेणी साधारणच आहेत म्हणून सांगायचं, तशातला हा प्रकार.

दोष सगळा काकांचा नाही. मुंबईतून निघणाऱ्या कित्येक टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत चक्क "संध्याकाळी डेझर्ट नॅशनल पार्क (सम) येथे उंटसफारी" असं छापलेलं असतं. कंसातल्या एका शब्दाने सगळा घोळ घातलाय.

समबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर वाळूच्या सरकत्या टेकड्या, रस्त्याच्या कडेने तंबूंची रांग, उंट, जीप, सूर्यास्त, रात्री जेवणाआधी नाचगाणं. त्यातलं मांगणियारांचं, म्हणजे तिथल्या पिढीजात गवयांचं, गाणं खरोखर ऐकण्यासारखं असतं, पुढे लाउडस्पीकरवर जे सुरू होतं ते नाही. गर्दी नको असेल तर दक्षिणेकडे खुरी गाव आहे. तिथेही टेकड्या आहेत, तंबू आहेत, फक्त गोंगाट कमी. मला विचाराल तर खुरीच.

सफारीच्या नावाखाली हे आणि पार्क एक का वाटतं? कारण दोन्ही एकाच भागात आहेत. समच्या टेकड्या उद्यानाच्या कडेलाच आहेत. आणि मुंबईकराच्या डोक्यात नॅशनल पार्कचं चित्र बोरिवलीचं असतं. मोठं फाटक, तिकीटखिडकी, आत गेलं की जंगल, बाहेर आलं की हायवे. बोरिवलीचं उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे तीस बोरिवल्या. त्याला सलग भिंत नाही. आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वाड्यावस्त्या आहेत, शेळ्यामेंढ्या चरतात, रस्ते जातात. पार्कात कधी शिरलात ते कळतही नाही. कागदोपत्री तर ते राष्ट्रीय उद्यानच नव्हे. १९८० साली त्याची अधिसूचना निघाली ती वन्यजीव अभयारण्य म्हणून, आणि नाव मात्र नॅशनल पार्क पडलं. पर्यटकाला याने काही फरक पडत नाही, पुढे जाऊ.

फरक पडतो तो जमिनीने. हे एक नीट कळलं तर बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेकड्या येतात, कारण फोटोत टेकड्याच असतात. उद्यानात मात्र वाळूच्या टेकड्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा मानतात. उरलेलं सगळं काय आहे? खडकाळ, मुरमाड सपाटी, सुकून गेलेल्या खाऱ्या तळ्यांचे टणक तळ, गवत-झुडपांनी जागच्या जागी धरून ठेवलेली जुनी वाळू आणि मैलोन्‌मैल गवत. थारचं हे गवत म्हणजे सेवण. कमरेपर्यंत वाढणारे, विरळ, पिवळट ठोंब. मधेमधे केर, बोर, फोग, रुई अशी झुडपं, एखादं खेजडीचं झाड. वर्षाला पाऊस सुमारे २०० मिलिमीटर. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या जोरदार दिवसात तेवढा पडून जातो, तिथे तो वर्षभर पुरवायचा. सेवणाची मुळं खोल जातात, वरचं गवत वाळलं तरी ठोंब मरत नाही आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटतो. तिथल्या गाईगुरांचं पोट याच गवतावर चालतं.

आता सरकती टेकडी बघा. वारा तिला रोज हलवतो म्हणून तिच्यावर त्या देखण्या लाटा उमटतात. पण जमीन रोज हलत असेल तर मूळ धरणार कसं? मूळ नाही तर गवत नाही, गवत नाही तर नाकतोडे नाहीत, उंदीर नाहीत, आणि मग त्यांच्यावर जगणारं कुणीच मोठ्या संख्येने राहत नाही. टेकडी अगदी निर्जीव नसते. पहाटे कुणी चढायच्या आत गेलात तर किडे, सरडे, उंदीर यांच्या पायांची नक्षी दिसते. पण मोठं जनावर बघायला टेकडीवर जाऊ नये. ज्या कारणाने टेकडीचा फोटो चांगला येतो, नेमक्या त्याच कारणाने तिथे प्राणी नसतात. "वाळू सोडून काही नाही" हे वाक्य समबद्दल बऱ्यापैकी खरं आहे. पार्कबद्दल ते साफ चूक आहे.

गवताच्या सपाटीवर उलट चालतं. टणक जमिनीत बिळं टिकतात म्हणून तिथे जर्बिल हे वाळवंटी उंदीर आणि सांडे राहतात. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा, गवत खाणारा जाडजूड सरडा. ज्याचं तेल म्हणून मुंबईच्या फुटपाथवर बाटल्या विकल्या जायच्या तोच. तो मारणं गुन्हा आहे आणि तेलाचा उपयोग शून्य. या उंदीर-सांड्यांवर खोकड, वाळवंटी मांजर आणि शिकारी पक्षी जगतात. हिवाळ्यात स्टेपी गरुडासारखे पाहुणे येतात, गिधाडांच्या अनेक जाती एकाच मेल्या गुराभोवती जमतात, पखुर्डी या कबुतराएवढ्या पक्ष्यांचे थवे पाण्यावर उतरतात. चिंकारा हे छोटं हरीण तर बहुतेक दिसतंच, फक्त कळपाची अपेक्षा नको, दोन-चारच असतात. खोकड दिसलं तर शेपटीचं टोक बघा: पांढरं असेल तर वाळवंटी, काळं असेल तर आपल्याकडच्या माळावरचं. सांडे मात्र थंडीत बिळात झोपतात, जानेवारीत त्यांच्यासाठी हट्ट धरू नका.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं खरं तर कारण नाही. सोलापूरच्या गाडीत दौंड सोडल्यावर खिडकीतून जे दिसतं तो याचाच चुलतभाऊ. तिथेही आपण "ओसाड आहे" म्हणून पडदा ओढून घेतो. सरकारी कागदांनीही अशा जमिनीला कायम पडीकच म्हटलं. झाडं नाहीत तर जंगल नाही, जंगल नाही तर वन्यजीव नाहीत, असा तो हिशेब. या हिशेबाचा सगळ्यात मोठा बळी माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो तिथला राज्यपक्षी आहे. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आयुष्य मुंबईत घालवलेल्या पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी हाच राष्ट्रीय पक्षी करा म्हणून सुचवलं होतं. १९६३ साली मान मोराला मिळाला.

जगात दीडशेही उरले नसतील अशा या पक्ष्यातले बहुतेक आज जैसलमेर जिल्ह्यात आहेत, काही या उद्यानात आणि काही पोखरणच्या बाजूला. नर उभा राहिला तर मीटरभर उंच, वजन १५ किलोपर्यंत. एवढा मोठा पक्षी सपाटीवर सहज दिसेल असं वाटतं, पण सेवणात तो मान खाली घालून चरत असला की काही दिसत नाही. मान वर झाली की फिकट काठी आणि तिच्यावर काळी टोपी, एवढीच खूण. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून आखलेली वाट सोडून गाडी घालणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा अपराध. समच्या टेकडीवर जीप उडवायची सवय लागलेले ड्रायव्हर इथेही "जवळून दाखवतो साहेब" म्हणून चाक वळवतात. ठाम नाही म्हणायचं. त्याला वाटतं गिऱ्हाईक खूश होईल, आणि दुर्दैवाने बरीच गिऱ्हाइकं होतातही.

माळढोकाची आणखी एक अडचण तुम्हाला जाता-येता दिसेल: विजेच्या तारा. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि एवढं वजन ऐन वेळी वळवता येत नाही. तो तारेवर आदळतो. पडीक म्हणून याच माळांवर पवनचक्क्या आणि सौरप्रकल्प आले आणि त्यांच्याबरोबर तारा आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला, २०२४ साली तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला.

सममध्ये माळढोकाचं प्रजनन केंद्र आहे. त्यावरून "सममध्येच माळढोक दाखवतात" असंही ऐकायला मिळतं. ते पक्षी वाढवून पुन्हा माळावर सोडता यावेत म्हणून काढलेलं केंद्र आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे.

जमीन वेगळी म्हणून वेळही वेगळी. डेझर्ट सफारी संध्याकाळची, कारण तिथे सूर्यास्त विकला जातो. पार्क पहाटेचं. जाण्याची जागा म्हणजे सुदासरी, सम आणि खुरीच्या मधल्या पट्ट्यात, जैसलमेरहून साठेक किलोमीटर. तिथे वनखात्याची चौकी आहे आणि कुंपण घालून राखलेलं गवत आहे. परवानगी जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयातून आदल्या दिवशीच काढून ठेवा, ओळखपत्र बरोबर ठेवा. जानेवारीत तिकडे सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे सहाला निघालात तरी चालतं. थंडी मात्र खरी असते, रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. मुंबईत लोकरीचं म्हणून जे कपाटात असतं त्याने उघड्या जीपमध्ये भागत नाही. कानटोपी घ्या, हसू द्या कुणाला हसायचं तर. भडक कपडे मात्र समला. सुदासरीत मातकट रंग.

आणि दुर्बीण. ही नसेल तर खरंच जाऊ नका. मोबाइलच्या कॅमेऱ्याने टेकडी टिपता येते, माळ नाही. ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगाची, साधी दुर्बीण पुरते, कुणाची तरी उसनी मिळते. गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि गवताच्या रेषेवरून हळूहळू डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही. मग ज्याला दगड समजत होतात तो चिंकारा निघतो. मुलं कंटाळतात हे खरं, पण त्यांना दुर्बीण हातात दिली तर मोठ्यांच्या आधी तीच शोधून काढतात. स्थानिक गावातला वाटाड्या घेतलात तर फारच उत्तम. शहरातला गाइड इतिहास छान सांगतो, पण गवतातली मान त्याला दिसत नाही. एवढं करूनही माळढोक दिसेलच असं नाही. तशी हमी देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

दोन्ही करायला हरकत नाही, फक्त क्रम आणि नावं बरोबर हवीत. मुंबईहून वांद्रे टर्मिनसची सूर्यनगरी जोधपूरला सोडते, तिथून जैसलमेर रेल्वेने किंवा रस्त्याने २८० किलोमीटरच्या आसपास. पहिली संध्याकाळ खुरीच्या टेकड्यांवर घालवा, गाणं ऐका, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी उजाडायला सुदासरी. टूरबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: "सुदासरीला सकाळी नेणार का?" पलीकडून "सममध्ये सगळं येतं" असं उत्तर आलं तर समजायचं, पार्क त्यात नाही.

सकाळी दहानंतर माळावर ऊन चढतं, हवा थरथरते आणि दुर्बिणीतून नुसत्या लाटा दिसतात. तेव्हा परत फिरा. वेळ उरला तर बाडमेर रस्त्यावर, जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर अकलचं जीवाश्म उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे जाळीखाली ठेवलेत. सावली अजिबात नाही. पाणी सोबत न्या, आणि आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घालू नका.