ऐयार नेमका कोणाचा? 'चंद्रकांता'मधल्या प्रेमांची आणि फितुरीची पूर्वपीठिका

१९९४ साली नीरजा गुलेरी यांची 'चंद्रकांता' मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि रविवारच्या सकाळी महाराष्ट्रातही घराघरांतून क्रूरसिंहाचे 'यक्कू' ऐकू येऊ लागले. अखिलेंद्र मिश्रांचा तो क्रूरसिंह इतका गाजला की मूळ कादंबरीत हे पात्र फार पुढे टिकत नाही, हे आज सांगूनही अनेकांना पटत नाही. देवकीनंदन खत्रींच्या मूळ हिंदी पुस्तकात क्रूरसिंह म्हणजे आग लावून बाजूला होणारी काडी. विजयगढच्या दिवाणाचा हा मुलगा. त्याला राजकन्या चंद्रकांता हवी असते, आणि राजा जयसिंहाला दुसरा वारस नसल्यामुळे तिच्यामागोमाग गादीही. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, चंद्रकांतेचा प्रियकर, आडवा येतो, तेव्हा क्रूरसिंह चुनारच्या राजा शिवदत्ताकडे जातो आणि चंद्रकांतेच्या रूपाची भूल घालून त्याला चढाईला उभे करतो. भूल लागलेला शिवदत्त मग तिच्यासाठी स्वतःच वेडा होतो. खरा वैरी तिथून पुढे तोच.

ज्याला कामाला लावले तोच वाटेकरी होऊन बसायचा, ही खत्रींची आवडती चाल. त्यांच्या कथेत कोण कोणाच्या बाजूचा हे दर वीस-पंचवीस पानांनी नव्याने तपासावे लागते. पण बाजू बदलणारी माणसे हा काही १८८८ साली काशीत लागलेला शोध नव्हे. त्यामागे मोठी परंपरा आहे. त्या परंपरेत माणसे बाजू का बदलतात याची कारणे काळागणिक बदलत गेली, आणि मला त्यातला सगळ्यात रंजक भाग तोच वाटतो.

सुरुवात अमीर हमजाच्या दास्तानीपासून करावी लागते. प्रेषित मुहम्मदांच्या काकांच्या नावाभोवती रचलेली ही पराक्रमकथा फारसीतून हिंदुस्थानात आली. अकबराला तिचे इतके वेड होते की १५६२च्या सुमारास त्याने तिची चित्रे काढायला घेतली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली हे काम साधारण पंधरा वर्षे चालले आणि कापडावर सुमारे १४०० मोठी चित्रे तयार झाली. त्यांतली दोनशेच्या आतच आज उरली आहेत. चित्राच्या मागच्या बाजूला कथेचा मजकूर असे. म्हणजे दरबारात कथा ऐकायचीही होती आणि पाहायचीही.

या दास्तानीचा खरा नायक हमजा आहे की त्याचा सोबती अमर ऐयार, यावर वाद घालता येईल. ऐयार म्हणजे वेषांतर, हेरगिरी आणि पळवापळवीत तरबेज असा चतुर माणूस. माझे मत अमरच्या पारड्यात. हमजा शूर, धर्मनिष्ठ आणि काहीसा एकसुरी आहे. अमर लोभी, चहाटळ, वेषांतरात पटाईत. त्याच्या झोळीत सबंध जग मावते. बेशुद्ध करून पळवणे, शत्रूच्या रूपात त्याच्याच तंबूत शिरणे, बक्षीस ठरल्याशिवाय हातपाय न हलवणे, हे सगळे त्याचेच. मराठी वाचकाला इथे बहिर्जी नाईक आठवतील, पण अमरच्या अंगात बहिर्जीपेक्षा तमासगिराची हाडे जास्त आहेत.

दास्तान सांगणाऱ्या दास्तानगोंच्या हातात चार मसाले असत: रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल आणि शृंगार, तिलिस्म म्हणजे जादूने भारलेला मुलूख, आणि ऐयारी. सगळ्यात मोठे कसब कथा लांबवण्याचे. प्रेमिकांची भेट आज होणार असे वाटत असताना ती दिवसेंदिवस लटकवत ठेवणारा दास्तानगो थोर समजला जाई. आता संपायचेच नाही अशा कथेची एक व्यावहारिक अडचण बघा. नायकाच्या बाजूची माणसे तीच ती राहिली तर श्रोता कंटाळतो, आणि शत्रूकडची सगळी मारून टाकली तर कथा संपते. मधला मार्ग एकच: शत्रूकडची काही माणसे इकडे यायला हवीत. फितुरी ही या कथांची मूळ गरज होती, स्वभावचित्रणाचा विचार तिच्यात फार मागाहून आला.

ही गरज कोणत्या टोकाला गेली ते 'तिलिस्म-ए-होशरुबा'त दिसते. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने हमजाच्या दास्तानीचे एकूण ४६ जाडजूड खंड काढले. होशरुबा हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय भाग, १८८३ ते १८९३ या काळात छापलेला. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. दोघेही बोलता-सांगता तयार झालेले दास्तानगो. प्रेमचंद पोरवयात गोरखपूरला याच होशरुबाच्या नादी लागले होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

होशरुबाचा सम्राट अफ्रासियाब हा जादूगारांचा बादशहा. त्याच्याविरुद्ध हमजाचा नातू असद निघतो, अमर आणि आणखी काही ऐयार बरोबर घेऊन. असदला जादू येत नाही आणि ऐयारांनाही नाही. मग जादूच्या साम्राज्याशी झुंजायचे कसे? इथे प्रेम उपयोगी पडते. अफ्रासियाबच्या नात्यातली महजबीन असदवर भाळते. नातीच्या पाठीशी तिची आजी महरुख उभी राहते, आणि ही महरुख स्वतः जबरदस्त जादूगारीण. बंडखोरांना एका फटक्यात छावणी, सैन्य आणि जादू तिन्ही मिळतात. पुढे सम्राज्ञी हैरतची बहीण बहार हीसुद्धा बंडखोरांना येऊन मिळते. तिच्या जादूत शत्रूवर वसंत ऋतूच कोसळतो. सख्ख्या बहिणी रणांगणात समोरासमोर आणण्यातली भेदकता जाह यांना नेमकी कळली होती. राजघराण्यातल्या बायकांचे रुसवे, अपमान आणि वासना यांच्या जोरावर युद्धाचे पारडे फिरते. पुरुषांची मर्दुमकी त्यामानाने शोभेची.

अफ्रासियाबकडे ऐयार मुली आहेत. सरसर ही त्यांची म्होरकी. आणि अमरच्या टोळीतला एकेक जण यांतल्या एकेकीवर अनुरक्त! दिवसा परस्परांना बेशुद्ध करून पोत्यात घालायचे आणि मनातून एकमेकांची ओढ धरायची. निष्ठा एकीकडे, जीव दुसरीकडे, आणि दोन्हींचा हिशेब शेवटपर्यंत चुकता करायचा नाही. मोठमोठ्या युद्धवर्णनांपेक्षा हे खेळकर वैर जास्त टिकाऊ निघाले, असे मला वाटते.

तरीही होशरुबात बाजू बदलण्यावर एक ठळक शिक्का आहे. इकडे येणारा हमजाचा धर्म पत्करतो. मनात प्रेम असो, राग असो की लोभ, कथेच्या दफ्तरात नोंद होते ती श्रद्धेच्या बदलाची. त्यामुळे आलेला माणूस सहसा परत जात नाही. त्याच्या मनात पुढे काय चालते याची चौकशीही फारशी होत नाही.

खत्रींनी हाच साचा उचलला आणि त्यातून जादू काढून टाकली. १८६१ साली जन्मलेल्या या माणसाने काशीच्या राजाकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. त्या निमित्ताने त्या डोंगराळ भागातले पडके किल्ले, विवरे आणि खोरी त्यांनी पायाखाली घातली. नौगढ, विजयगढ, चुनार ही कादंबरीतली नावे त्याच टापूतली, आजही नकाशावर सापडणारी. १८८८च्या सुमारास 'चंद्रकांता' छापून येऊ लागली. एकूण चार भाग. प्रकरणांना ते 'बयान' म्हणत, म्हणजे सांगणाऱ्याचा सूर पुस्तकातही राहिला. पण त्यांचे तिलिस्म कळ, कमान आणि गुप्त दरवाज्यांचे आहे. पूर्वीच्या राजांनी योग्य वारसासाठी खजिना राखून ठेवायला बांधलेली ती यंत्रे. ऐयाराच्या बटव्यातही बेशुद्धीची भुकटी, शुद्धीवर आणणारा लखलखा, दोर आणि रंगरोगण. मंत्राचा पत्ता नाही.

जादू गेली तशी श्रद्धेची नोंदही गेली. मग ऐयाराला बाजू बदलायला कारण काय उरले? चाकरी आणि कदर. ऐयार एखाद्या राजाच्या पदरी असतो, त्याच्यासाठी हेरगिरी करतो, पळवापळवी करतो. त्याचबरोबर त्याचे आपल्या पेशाशी वेगळे इमान असते. पकडलेल्या ऐयाराला ठार मारायचे नाही, कैदेत ठेवायचे. कादंबरीच्या प्रस्तावनेत खत्री सांगतात की राजांच्या लढाया रक्त न सांडता, पलटणी न गमावता मिटवणे हे ऐयारांचे काम असे. म्हणून शिवदत्ताचे ऐयार, पंडित बद्रीनाथ, पन्नालाल वगैरे, आधी वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह याला जेरीस आणतात आणि पुढे वीरेंद्रसिंहाकडेच सन्मानाने रुजू होतात. रमल पाहणारे जगन्नाथ ज्योतिषीही आधी तिकडचे, मग इकडचे. कोणी त्यांना फितूर म्हणत नाही. मालक नालायक निघाला तर गुणी माणसाने लायक मालक पाहावा, इतका सरळ व्यवहार. शत्रूचा हुशार माणूस मारण्यापेक्षा आपलासा करावा, हे 'मुद्राराक्षस'मधले चाणक्याचे शहाणपणही त्यात डोकावते. शिवाय राजे नुसते नावाला उरले होते, त्यांच्या फौजांना लढायला रण राहिले नव्हते, अशा काळात ठेकेदारीवर पोट असलेल्या लेखकाला निष्ठेचा विचार चाकरीच्या भाषेत सुचावा, यात मला नवल वाटत नाही.

प्रेमही बदलले. चंद्रकांता आणि वीरेंद्रसिंह यांच्यात संशयाला जागाच नाही, त्यामुळे खरे सांगायचे तर ती जोडी थोडी सपक आहे. रंगत आहे ती तेजसिंह आणि चंद्रकांतेची सखी चपला या जोडीत. दोघेही ऐयार, दोघांनाही दुसऱ्याचे सोंग ओळखण्याची खोड. चंद्रकांता संकटात सापडते तेव्हा चपला स्वतः वेष पालटून बाहेर पडते. होशरुबातल्या सरसर आणि अमरचे हे घरंदाज रूप म्हणावे, फक्त इथे दोघे एकाच बाजूला आहेत.

याच सुमारास मराठीत काय चालले होते? अद्भुतरम्य कादंबरीत मराठी हिंदीच्या पुढे होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. राजपुत्र, विरह, कारस्थानी दरबारी, योगायोग यांची तिथेही रेलचेल. पण काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ सालीच नावलांवरच्या निबंधात या प्रकाराची झाडाझडती घेतली, आणि १८८५ साली हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' सुरू झाली. म्हणजे हिंदीत ऐयारीचा झरा फुटला त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच आपण वाडा, माजघर आणि सुधारणेच्या प्रश्नांकडे वळलो होतो. हरिभाऊंमुळे मराठीला जे मिळाले ते मोठेच. पण ऐयारासारखे दोन बाजूंत झुलणारे पात्र आपल्याकडे वाढले नाही ही खंत राहतेच. आपल्या अद्भुत कादंबऱ्यांत दुष्ट तो दुष्टच राहिला.

हिंदीत ते पात्र वाढले, आणि त्याला शेवटी मन फुटले. 'चंद्रकांता संतति' हा पुढचा पसारा २४ भागांचा, १८९४ पासून दहाएक वर्षे चाललेला. रामचंद्र शुक्लांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींना साहित्यिक उंची नाकारली, पण त्यांच्याइतके वाचक दुसऱ्या कोणीच निर्माण केले नाहीत हे मान्य केले. भाग निघायचा आणि पुढच्या भागासाठी लोक ताटकळायचे, त्यामुळे दास्तानगोची लांबणीची विद्या छापखान्यात जशीच्या तशी चालली. वीरेंद्रसिंहाचा मुलगा इंद्रजितसिंह किशोरीच्या प्रेमात पडतो, आणि किशोरी कोण, तर शिवदत्ताची मुलगी. जमानिया या राज्यात मायारानी दुसरीच्या नावाने राणी होऊन बसलेली, नवऱ्याला मेला असे जाहीर करून कैदेत टाकलेले. तिला सख्खी बहीण समजणारी कमलिनी तिच्याविरुद्ध उभी राहते, ती ही बहीणच नव्हे हे ठाऊक नसताना. बहार आणि हैरत यांचेच हे पुढचे रूप, फक्त आता बहीणपणही खोटे.

आणि मग भूतनाथ येतो. खरे नाव गदाधरसिंह. अव्वल ऐयार, पण मागे काही केलेले आहे. जुनी कागदपत्रे कोणाच्या तरी हाती लागतील या धास्तीने तो घटकेत इकडे, घटकेत तिकडे होतो. वीरेंद्रसिंहाच्या पक्षाला तो मनापासून मदत करतो, आणि त्याच वेळी आपले पाप झाकायला त्याच लोकांशी खोटे बोलतो. महजबीनला प्रेमाने वळवले, बद्रीनाथांना कदरीने. भूतनाथला वळवते ती भीती, आणि पुन्हा भला माणूस म्हणवून घेण्याची हाव. पकडलेल्या ऐयाराला कैदेत ठेवा, हा जुना कायदा त्याच्यापुढे अपुरा पडतो, कारण त्याचा गुन्हा शत्रूशी केलेला नाही, आपल्यांशीच केलेला आहे. म्हणून 'संतति'च्या अखेरीला लढाईऐवजी चौकशी बसते. साक्षी होतात, जुने कागद निघतात, भूतनाथ आपली हकिगत सांगतो आणि त्याला माफी मिळते. दास्तानीत माफी मागण्याची सोयच नव्हती.

माफीने खत्रींचे समाधान झालेले दिसत नाही. १९०७ साली त्यांनी 'भूतनाथ' ही वेगळी कादंबरी सुरू केली आणि या माणसाच्या आधीच्या आयुष्यात शिरले. सहा भाग लिहून झाले आणि १९१३ साली ते गेले. पुढचे भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून ती पूर्ण केली. कथाकाळाने ही कादंबरी 'संतति'च्या आधीची असली तरी वाचावी मागाहूनच. आधी वाचली तर मायारानीच्या दरबारातले निम्मे मुखवटे पहिल्याच पानांत गळून पडतात.