मक्याचा पाक

अमेरिकेत केचपची साधी बाटली घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. टोमॅटो, व्हिनेगर, मग बऱ्याचदा 'हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप', लगेच 'कॉर्न सिरप', आणि त्यानंतर मीठ. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे त्या बाटलीत मिठापेक्षा मक्याचा पाक जास्त! मोठा चमचाभर केचपमध्ये सुमारे ४ ग्रॅम साखर असते.

वाळलेला मका तर गोड लागत नाही, मग पाक येतो कुठून? भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोडसर लागतो, तसंच हे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब माळ. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) ती तोडतं. कारखान्यातही विकरंच माळ तोडतात. पण ग्लुकोज साखरेइतकं गोड नसतं. १९५७ मध्ये आयोवातल्या क्लिंटन गावच्या मका कंपनीतल्या मार्शल आणि कूई या संशोधकांनी ग्लुकोजचं फ्रुक्टोज, म्हणजे त्याहून गोड असलेली दुसरी साखर, करणारं विकर दाखवून दिलं. पुढे जपानी संशोधकांनी ते कारखान्यात चालेल असं केलं. शीतपेयांच्या पाकात आज सुमारे ५५ टक्के फ्रुक्टोज असतं.

अमेरिकेने साखरेच्या आयातीवर मर्यादा घातली, साखर महागली. मका मात्र उदंड. १९८४ मध्ये कोक आणि पेप्सी दोघंही तिथे या पाकावर गेले.

आता माझं मत. मक्याचा पाक विषारी आणि उसाची साखर निर्दोष, हे मला पटत नाही. साखरेतही निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. शरीराला फारसा फरक पडत नाही. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जातं आणि जास्त झालं की तिथे त्याची चरबी होऊ लागते, मग ते उसातून आलेलं असो की मक्यातून. काळजी वाटते ती स्वस्ताईची. पाक स्वस्त, शिवाय पातळ, मिसळायला सोपा. म्हणून तो पावात, सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये, फळांच्या दह्यात शिरला. ३५५ मिलीलिटर कोकच्या एका कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन बायकांना दिवसाला २५ ग्रॅमच्या वर जाऊ नका म्हणते.

या पाकाला 'कॉर्न शुगर' म्हणू द्या, ही उत्पादकांची मागणी २०१२ मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध नियामक संस्थेने, फेटाळली, ते बरंच झालं. २०२० पासून मोठ्या कंपन्यांना वरून घातलेली साखर लेबलवर वेगळी दाखवावी लागते. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र त्या आकड्यातून बहुतांशी सुटतं. तेही तिथे बहुधा मक्याचंच, अर्धवट तोडलेली तीच माळ, आणि पोटात गेल्यावर भराभर ग्लुकोजच होतं.