कोबीशी झालेला समेट

गालात कोबीचा घास न गिळता किती वेळ धरून ठेवायचा, या कलेत लहानपणी माझा हात धरणारं कुणी नव्हतं. घास हळूहळू पाणी सोडायचा, पाणी नाइलाजाने पोटात जायचं आणि चोथा गालातच राहायचा. ताटावरून उठायची परवानगी मिळाली की धावत जाऊन तो थुंकायचा. आज तोच कोबी मी कढईतूनच, उभ्या उभ्या, बोटांनी उचलून संपवते. मधल्या वर्षांत कोबी काही बदललेला नाही. मग बदललं काय?

याचं एक तयार उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: वय वाढलं की जीभ बोथट होते, म्हणून कडू-उग्र काही जाणवेनासं होतं. उत्तर सोयीचं आहे, पण हिशेबात बसत नाही. जिभेवरच्या स्वादकलिकांतल्या पेशी साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जगतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. चवीची आणि त्याहून जास्त वासाची जाणीव मंदावते खरी, पण ती उतारवयात. कॉफी, कोबी, झणझणीत तिखट या गोष्टी माणसाला आवडू लागतात त्या सोळाव्या, अठराव्या, पंचविसाव्या वर्षी, म्हणजे जीभ आणि नाक ऐन भरात असताना. तेव्हा बदल जिभेवर कमी आणि डोक्यात जास्त शोधायला हवा.

पण त्याआधी लहान मुलांच्या बाजूने एक साक्ष द्यायला हवी. मुलं नाटकं करत नसतात. निदान सगळा वेळ तरी नाही.

गोड ओळखण्यासाठी आपल्या जिभेवर मुख्यतः एकच ग्राही (चव टिपणारा रेणू) आहे, दोन प्रथिनांच्या जोडीने बनलेला. कडू ओळखण्यासाठी मात्र जवळपास २५ प्रकारचे ग्राही आहेत. हा पक्षपात विनाकारण नाही. साखर म्हणजे ऊर्जा, आणि ती कुठूनही आली तरी एकच. विषं मात्र नाना तऱ्हेची, आणि वनस्पतींमधली पुष्कळशी विषं कडू लागतात. तान्ह्या बाळाच्या जिभेला कडू थेंब लावला की ते ओठ वाकडे करतं, जीभ बाहेर काढतं. गोड थेंबाला चेहरा निवांत होतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. उलट त्याच्याही आधीची गोष्ट २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या गटाने दाखवली. गरोदर स्त्रियांना गाजराच्या किंवा केल या कोबीच्या कडवट भाऊबंदाच्या पावडरीची कॅप्सूल गिळायला दिली आणि वीसेक मिनिटांनी पोटातल्या बाळाचा चेहरा सोनोग्राफीत पाहिला. गाजराला हसऱ्यासारखा चेहरा जास्त दिसला, केलला रडव्यासारखा. तक्रार जन्माआधीच नोंदवलेली!

त्यातही प्रत्येकाची जीभ वेगळी. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची भुकटी हाताळत होता. ती थोडी हवेत उडाली, तसा शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून कुरकुरू लागला. फॉक्सला चवच लागेना. दोघांनी पुन्हा चाखून पाहिलं, निकाल तोच. या फरकामागचं मुख्य जनुक २००३ मध्ये सापडलं, त्याचं नाव टास-टू-आर-३८. कोबी, ब्रोकोली, मोहरी या कुळातल्या भाज्यांमध्ये पीटीसीच्या नात्यातली संयुगं असतात, म्हणून हे जनुक ताटापर्यंत पोचतं. पुढे अमेरिकेतल्याच ज्युली मेनेला यांच्या गटाने आया आणि त्यांची मुलं यांची तुलना केली. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक तीव्र आणि एक मंद असणाऱ्यांमध्ये, मुलांना आयांपेक्षा कमी मात्रेतही कडूपणा जाणवत होता. म्हणजे ‘कुठे कडू आहे, मला तर नाही लागत’ हे मोठ्यांचं वाक्य खरं असू शकतं आणि मुलाची तक्रारही तेवढीच खरी.

कोबीच्या बाबतीत कडूपणापेक्षा वासाचं प्रकरण मोठं आहे, आणि मला स्वतःला सगळ्यात मजेशीर वाटलेला प्रयोग त्यावरच आहे. या कुळातल्या भाज्यांमध्ये गंधक असलेलं एक संयुग असतं. भाजीतली आणि आपल्या लाळेतल्या जिवाणूंची विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे पाडतात आणि त्यातून कुजकट, उग्र वासाचे वायू तयार होतात. थोडक्यात, तो वास निम्मा ताटात असतो आणि निम्मा आपण तोंडात बनवतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये सहा ते आठ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक अशा ९८ जोड्यांची लाळ घेऊन ती कच्च्या फ्लॉवरच्या भुकटीत मिसळली आणि किती वायू निघतो ते मोजलं. काहींच्या लाळेतून भरपूर निघाला, काहींच्या अगदी थोडा. पालक आणि त्याचंच मूल यांचं प्रमाण मात्र बरंचसं जुळत होतं, बहुधा तोंडातले जिवाणू सारखे असल्यामुळे. ज्या मुलांच्या लाळेतून जास्त वायू निघे त्यांना या भाज्यांचा तिटकारा जास्त होता. आणि तितकाच वायू तयार करणाऱ्या मोठ्यांना? त्यांच्यात असा काही संबंध दिसला नाही. दुर्गंध तोच, तेवढाच, पण मोठी माणसं तो निभावून न्यायला शिकलेली.

हे घरी पडताळायला लाळ मोजायची गरज नाही. नाक चिमटीत धरून शिजलेल्या कोबीचा तुकडा चावा. थोडं गोडसर, थोडं पाणचट, करकरीत असं काहीतरी लागेल, त्याला कोबी म्हणणं कठीण. चावता चावता नाक सोडा. घशाच्या मागच्या वाटेने वास नाकात चढतो आणि कोबी एकदम ‘उगवतो’. लहानपणी नाक दाबून औषध प्यायलो ते शास्त्रोक्तच होतं म्हणायचं.

मात्र चव-वासाचा सगळा कच्चा माल एकीकडे आणि वय दुसरीकडे. वर्षभराचं बाळ पुढ्यात येईल ते तोंडात घालतं. दोनच्या सुमारास तेच मूल नव्या पदार्थाकडे संशयाने बघू लागतं, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत हे टिकतं. संशोधक याला निओफोबिया म्हणतात, नव्याची धास्ती. कारण बहुधा असं, की याच वयात मूल चालतं होऊन आईच्या नजरेआड जातं. दिसेल ते पान-फळ तोंडात घालणाऱ्या पोरापेक्षा ‘मला नको’ म्हणणारं पोर जगण्याची शक्यता जास्त. जुळ्या मुलांच्या एका ब्रिटिश अभ्यासात (२००७) या धास्तीतल्या फरकांपैकी ७८ टक्के वाटा अनुवंशाचा निघाला. आईवडिलांच्या ‘वळण लावण्या’वर बोट ठेवणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा जरूर ऐकवावा.

धास्ती जाते कशी? इथे अमेरिकी संशोधक लीअॅन बर्च यांचं नाव घ्यावंच लागतं. १९८२ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळं आणि चीज चाखायला दिली. काही पदार्थ मोजक्या वेळा, काही वीस वेळांपर्यंत. जितक्यांदा चाखलं तितकी आवड वाढत गेली. जादू काहीच नाही, फक्त मोजणी. पुढच्या एका प्रयोगात त्यांना असंही दिसलं, की नुसतं बघून पदार्थ नजरेला आवडू लागला तरी जिभेला आवडत नाही, त्यासाठी तो तोंडातच जावा लागतो. प्रत्येक वेळी पोटात काही बिघडलं नाही, एवढी साधी नोंद मेंदू करत असतो. दहा-पंधरा नोंदी झाल्या की पहारेकरी ढिला पडतो. गंमत म्हणजे बहुतेक घरांत तीन-चारदा नकार मिळाला की पदार्थ बाद होतो.

आणि जबरदस्ती केली तर? २००६ मध्ये बर्च यांच्याच सहकाऱ्यांनी लहान मुलांना दोन प्रकारची सूप दिली. एकाच्या वेळी ‘सूप संपव हं’ असा अधूनमधून लकडा लावला, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोललं नाही. लकडा न लावलेलं सूप मुलं जास्त प्यायली आणि त्याला नावंही कमी ठेवली. माझ्या गालातल्या घासाचं कोडं मला इथे सुटलं. मेंदूने जी नोंद केली ती कोबीची नव्हती, कोबी अधिक पहाऱ्याची होती. बक्षिसाचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. ‘हे प्यायलास तर ते देईन’ म्हटल्यावर पेयाची आवड घटल्याचं १९८४ च्या प्रयोगात दिसलं होतं. पण २०११ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना न आवडणाऱ्या भाजीचा फक्त एक तुकडा चाखल्याबद्दल एखादा स्टिकर दिला, तर आवड वाढली आणि नंतरही टिकली. ताट संपवण्याची लाच आणि चाखून बघण्याची शाबासकी या दोन गोष्टी मुलांना बरोबर वेगळ्या कळतात.

मोठेपणी हाच डाव आपण स्वतःवर खेळतो, फक्त नकळत. पहिला कॉफीचा घोट कुणालाही आवडत नाही. पण आपण ती दूध-साखरेच्या पाठीवर बसवून आणतो. ओळखीच्या गोडाशी जोडलेली अनोळखी चव पुढे गोड काढून घेतलं तरी आवडीचीच राहते. द्राक्षवर्गातल्या नव्हे, संत्र्याच्या कुळातल्या कडवट ग्रेपफ्रूटचा रस आधी साखर घालून पाजलेल्यांमध्ये हे दिसून आलं आहे. शिवाय कॉफीच्या पाठोपाठ तरतरी येते, आणि ती कुठल्या चवीनंतर आली हे मेंदू विसरत नाही. मिठाचंही असंच. सोडियम जिभेवरचा कडूपणा दाबतो, म्हणून चिमूटभर मीठ भाजीला खारट करण्याआधीच तिचा कडवटपणा कमी करतं.

तिखटाची तऱ्हा आणखी निराळी. ती चवच नाही, जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीलाच फसवतं. तो ग्राही १९९७ मध्ये शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात पाहिलं, की अगदी लहान मुलं मिरची टाळतात आणि थोडी मोठी झाल्यावर, कुणी बळजबरी न करता, मोठ्यांचं बघून आपण होऊन खाऊ लागतात. तिथली डुकरं-कुत्री जन्मभर मिरची लावलेलं उष्टं-खरकटं खायची, पण निवडायची मुभा दिली की बिनमिरचीचंच घ्यायची. रोझिन यांचं म्हणणं, शरीर ‘आग लागली’ म्हणून ओरडतं आणि मनाला ठाऊक असतं की काही झालेलं नाही. या दोहोंतल्या अंतरातच मजा आहे, आकाशपाळण्यात असते तशी.

सगळ्याच नावडी अशा विरघळत नाहीत. एखादा पदार्थ खाल्ला आणि काही तासांत उलट्या झाल्या, तर एका फटक्यात त्याचा वास कायमचा नकोसा होऊ शकतो, दोष तापाचा असला तरी. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. या नोंदीला वीस वेळा लागत नाहीत, एकच पुरते. माझं मशरूमशी असंच काहीतरी झालं होतं आणि तिथे समेटाची चिन्हं नाहीत.

कोबी बदलला नाही असं सुरुवातीला म्हटलं, तेही जरा घाईचंच. त्याच कुळातल्या, लिंबाएवढ्या ब्रसेल्स स्प्राउट्सच्या कडूपणाला जबाबदार असलेली संयुगं १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ओळखली. मग बियाणे कंपन्यांनी जुनी, कमी कडू वाणं धुंडाळून ती नव्या भरघोस वाणांशी संकरित केली. आज चाळिशीतला जो माणूस ‘आता मला हे आवडतात, मी मोठा झालो’ म्हणतो, त्याच्या ताटातली भाजीच मवाळ झालेली असू शकते.

आणि आठवणीचं काय? मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काही जणांना खोटंच सांगितलं, की तुमच्या उत्तरांवरून दिसतं, लहानपणी पहिल्यांदा चाखल्यावर तुम्हाला अॅस्परॅगस (शतावरीच्या कुळातली भाजी) फार आवडला होता. ज्यांनी त्यावर विश्वास ठेवला त्यांना तो खरोखर जास्त आवडू लागला, त्यासाठी जास्त पैसे मोजायचीही तयारी झाली.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला फोन करून विचारलं, मी कोबी कधीपासून खाईनाशी झाले. ती म्हणाली, ‘अगं, वर्षाची होतीस तेव्हा वाटीभर खायचीस की. दोन वर्षांची झालीस आणि एक दिवस थुंकलीस, ती थुंकलीसच.’ वयाचा हिशेब अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा बसतो. तेव्हापासून कढईतला कोबी मला आणखी थोडा गोड लागतोय. आईची आठवण खरी आहे की नाही, हे विचारायला मी पुन्हा फोन केलेला नाही.